आधी अन्वय, मग भावार्थ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वारीच्या दिवसांत अभंग आणि ओव्या अर्थासह छापून येतात. तो अर्थ बहुधा भावार्थच असतो. कर्ता कोण, क्रियापद कुठे, कवीने कोणता शब्द अध्याहृत, म्हणजे न लिहिता गृहीत, ठेवला, याचा पत्ता न लावता आर्तता, तळमळ वगैरे शब्दांवर चारपाच वाक्ये निभावून नेली जातात. अन्वय, म्हणजे पद्यातले शब्द गद्याच्या क्रमाने लावणे, हा परीक्षेतला कंटाळवाणा प्रश्न म्हणून आपण सोडून दिला, त्याचे हे फळ.

तुकोबांची सर्वांना पाठ असलेली ओळ घ्या: ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’. यात एकही पूर्ण क्रियापद नाही. ‘ठेवोनियां’ हे नुसते धातुसाधित. त्याने वाक्य संपत नाही. ‘आहे’ आपण घालायचे, पण कुठे? ‘ते सुंदर ध्यान विटेवर उभे आहे’ असे केले तर ओळ बातमी देते. ‘कर कटीवर ठेवून विटेवर उभे असलेले ते ध्यान सुंदर आहे’ असे केले तर उद्गार निघतो. ‘सुंदर’ हा शब्द ‘तें’च्याही आधी आला आहे, म्हणून आमच्या मते दुसरा अन्वय बरोबर. पुढे ‘तुळसीहार गळां कासे पीतांबर’ ही क्रियापदाविना दोन वाक्ये आहेत. ‘गळां’ म्हणजे गळ्यात, ‘कासे’ म्हणजे कमरेला; दोन्ही सप्तमी. मग येते ‘आवडे निरंतर तेंचि रूप’. कोणाला आवडे? ओळ सांगत नाही. उत्तर अभंगाच्या शेवटी आहे: ‘पाहीन श्रीमुख आवडीनें’. ‘पाहीन’मधला ‘ईन’ फक्त ‘मी’लाच लागतो, म्हणून वर ‘मला’ घालायचे. अध्याहृत शब्द असा प्रत्ययाच्या मागोव्याने सापडतो. कंसात घातलेला शब्द ओळीतल्या किंवा जवळपासच्या एखाद्या प्रत्ययाने मागितलेला नसेल, तर तो कवीचा नव्हे, टीकाकाराचा.

‘हेंचि दान देगा देवा’ या अभंगात ‘संतसंग देई सदा’ आहे. जुन्या मराठीत ‘देई’ म्हणजे ‘देतो’ही होते आणि ‘दे’ही. ओळ सुटी काढली की संतसंग काहीतरी देतो असा अर्थ लावता येतो. पण ‘देवा’ हे संबोधन वर आहे, ‘घालावें’ हे विध्यर्थी रूप खाली आहे; म्हणजे इथे आज्ञार्थ, आणि कर्ता ‘तू’. शेवटचे ‘सुखें घालावें आम्हांसी’ तर हमखास चुकते. ‘सुखें’ दिसायला तृतीया असली तरी इथे क्रियाविशेषण आहे: ‘गर्भवासात खुशाल घाल’. ‘आम्हाला सुखात ठेव’ असा अर्थ केला की गर्भवासाची तयारी दाखवणारी ओळ सुखाची मागणी करणारी होऊन बसते.

खरी अडचण मात्र छपाईतली आहे. पसायदानात ‘विश्वात्मकें देवें’ आणि ‘वाग्यज्ञें’ या दोन्ही तृतीया. पहिली कर्त्याची, दुसरी साधनाची. विश्वात्मक देवाने या वाग्यज्ञाने संतुष्ट व्हावे, असा तो भावे प्रयोग. अनुस्वार काढून ‘देवे’ छापले की नव्या वाचकाला विभक्तीची खूणच उरत नाही. ‘भूतां परस्परें जडो । मैत्र जीवाचें’ इथे ‘भूतां’ म्हणजे सर्व प्राण्यांना, चतुर्थीचे अनेकवचन. ‘भूता’ छापले तर एकाच भुताला हाक मारल्यासारखे होते. ‘जीवाचें’वरचा अनुस्वार हे नपुंसकलिंगी एकवचन असल्याचे सांगतो, म्हणून ‘मैत्र’ म्हणजे मैत्री. अनुस्वार गेला की तेच ‘जिवाचे मित्र’ असे वाचता येते, आणि वाचले जातेही.

यावर ‘1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वार गेले’ असे उत्तर मिळते. ते अपुरे आहे. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व गद्य यांतले उतारे मुळाप्रमाणे छापावेत, असे मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच आहे. तेव्हा ज्ञानेश्वरी किंवा गाथेतला उतारा मुद्रितशोधकाने आजच्या नियमांनी ‘दुरुस्त’ करणे हे नियमाला धरून नाही. उतारा प्रमाण प्रतीवरून घ्यावा, अनुस्वारांसह जुळवावा, आणि भावार्थाच्या वर दोन ओळींचा अन्वय द्यावा, अध्याहृत शब्द कंसात. जागा फार लागत नाही.

जाता जाता एक. ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ मधला समास तोडून ‘स्वधर्म सूर्ये’ असा छापू नये. तोडला की ‘स्वधर्म’ विभक्तीवाचून लोंबकळतो आणि वाचक त्याला ‘पाहो’चे कर्म करतो. मग विश्वाने स्वधर्म पाहावा असा अर्थ होतो. मुळात स्वधर्म हा सूर्य आहे, आणि त्याच्या उजेडाने विश्वाने पाहायचे आहे. ‘पाहणे’चा जुना अर्थ ‘उजाडणे’ घेतला, तर त्या सूर्याने विश्व उजाडायचे आहे.

आपले,
मराठीचे काही शिक्षक, सातारा