घोड्याचा भाव इंग्रजीत

प्रिय भावड्या,

कसा शेस? व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाईप करून तू वाचलं नसतंस म्हणून सरळ पत्रच लिहितोय. शहाद्याकडच्या एका आश्रमशाळेत जानेवारीत इंग्रजीचा कॅम्प आहे, पाचवी ते आठवीची पोरं, आणि त्याचं सगळं मटेरियल बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका संस्थेने तयार वर्कबुकं पाठवली होती, कागद एकदम गुळगुळीत, आणि पहिल्याच पानावर स्नोमॅन! आता सातपुड्यातल्या पोराने त्याच्याशी काय बोलायचं सांग.

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पोरांना स्पेलिंगं येतात, वाचतातही, पण तोंड उघडत नाहीत. त्यात बहुतेकांच्या घरी पावरी नाहीतर भिली, मराठीसुद्धा शाळेत आल्यावर शिकलेली, मग इंग्रजीखाली मराठी अर्थ छापून उपयोग काय? म्हणून मी करून दाखवण्यावर भर दिलाय. जेम्स अ‍ॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची जुनी पद्धत आहे, शिक्षकाने बोलायचं आणि पोरांनी नुसती कृती करायची, बोलायची सक्ती नाही. मला ती फार पटते, कारण लाजरं पोरगंही त्यात सुटत नाही.

तर पहिला धडा आमचूरचा! उन्हाळ्यात धडगावकडे घरोघरी कैऱ्या सोलणं, चिरणं, वाळवणं चालूच असतं, पोरांचे हात त्यात बसलेले. पील, कट, ड्राय, सेल. आधी हातवारे, मग बोलणं, लिहिणं सगळ्यात शेवटी. दुसरा धडा सारंगखेड्याचा घोडेबाजार, एक पोरगा व्यापारी, एक गिऱ्हाईक, 'हाऊ ओल्ड इज ही?', 'टू मच!' आणि भाव पाडायचा. पाचवीवाल्याने फक्त आकडे बोलायचे, आठवीवाल्याने घोड्याची खोड काढायची, हातात द्यायचं चित्राचं कार्ड दोघांना तेच. ट्रायलला एकाने घोड्याचे दात बघायचा असा काही आव आणला की सर लोकं पण हसून हसून बेजार.

बाकी निवासी शाळेचा खरा फायदा वर्गाबाहेर आहे असं माझं मत. पोरं सकाळ-संध्याकाळ तिथंच, मग जेवणाच्या रांगेत वाढप्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर 'मोअर दाल, प्लीज' चिकटवून टाकायचं. अधीक्षक म्हणाले, जो बोलणार नाही त्याला डाळ नाही असं करू का, मी म्हटलं सर नको हो, पोरं उपाशी झोपतील.

आता तुझं काम. शाळेत ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्सच आहे, फोटो टाकला की नुसता काळा डाग येतो, त्यामुळे चित्रं रेघांची पाहिजेत, जाड काळ्या पेनाने, शेडिंग अजिबात नको, एका ए-फोर पानावर चार. कैरीची, घोड्याची, रांगेची. बायांचा पेहराव नीट बघून काढ, पुस्तकातल्यासारखा पानाफुलांचा आदिवासी काढलास तर परत पाठवीन. जाड कार्डासाठी जुन्या लग्नपत्रिका जमवतोय, तुझ्याकडच्या पण ठेव. डिसेंबर संपायच्या आत एसटीच्या पार्सलने धुळ्याला पाठव, तिथून मी उचलतो. पैशाचं विचारू नकोस, शेवभाजी पक्की.

तुझाच,
बंड्या