नागपुरातल्या लकडगंजच्या मिस्त्री काकाजींना जाहीर आभार

काकाजी, सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुम्ही आधी म्हणाल, "हे कायले पायजे होतं?" तुमचा नातू मोबाइलवर हे वाचून दाखवेल आणि तुम्ही हातातला रंधा न थांबवता ऐकाल, एवढा अंदाज आहे. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. शिवाय घरी येणारा जो तो तुम्ही बनवलेली ती जुन्या व्हिडिओ गेमची पेटी बघून "किती लागले?" विचारतो आणि आकडा ऐकला की माझ्याकडे संशयाने पाहतो. त्या सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं की ही करामत माझी नाही, म्हणून पत्र जाहीर.

आकडा आधीच सांगतो: मजुरीसकट 8350 रुपये. घरात बोलणं होऊन 9000 ठरले होते, त्यावर एक रुपया नाही. तयार मशीन आणायचं तर माझा दोन महिन्यांचा पगार गेला असता. फर्निचरवाल्या एका दुकानात विचारलं तर त्यांनी मॉड्युलर किचनचा दर लावला. दुसरीकडे "लहान मुलांचं आहे का?" असं विचारून हसले. मग कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. आरा मशीनच्या बाजूच्या त्या शेडमध्ये तेव्हा तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओळीने उभे होते, काही रंगलेले, काही अजून चाकाशिवाय. बैलांमधून वाट काढत मी कागद घेऊन आलो.

कागदावर सहा फुटी मशीन होतं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत रुपयाला एक डाव मिळायचा, तिथं होतं तसंच. 'मुस्तफा' खेळायला आम्ही शाळेच्या डब्याचे पैसे घालवायचो. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉम कंपनीने 1993 साली काढलेला, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा पिवळ्या टोपीवाला मुस्तफा आमच्या गल्लीतलाच वाटायचा.

तुम्ही कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "घर कुठं?" महाल भागात म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "जिना किती रुंद?" मला वाटलं होतं तुम्ही लाकडाचं विचाराल, नक्षीचं विचाराल. तुम्ही जिना विचारला. मग म्हणालात, "अन् हा खालचा अर्धा डबा कायले पायजे? याच्यात काय ठेवता?" खरं म्हणजे काहीच नाही. जुन्या मशीनमध्ये खाली पैशांची पेटी असायची, पॉवर सप्लाय असायचा, आणि वरच्या जड काचेच्या ट्यूबला तोलून धरायला वजनही लागायचं. आपल्याला यातलं काहीच नव्हतं. त्या एका प्रश्नात प्लायच्या दोन पूर्ण शीटचं काम अर्ध्या शीटवर आलं.

पण पेटी ठेवायची कशावर, याचं उत्तर तुम्ही आमच्या घरी माप घ्यायला आल्यावर दिलंत. आईच्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड गॅलरीत कुंड्या सांभाळत होता. तुम्ही तो पायाने हलवून पाहिला, डुगडुगत नाही म्हटल्यावर कुंड्या खाली उतरवल्या आणि आईलाच विचारलं, "आजी, हा द्याल का?" आई तुम्हाला नाही म्हणू शकली नाही. मी मागितला असता तर अर्धा दिवस बोलणी खाल्ली असती.

मग तुम्ही मुलीला समोर उभं केलं आणि तिच्या कोपराची उंची मोजली. माझी मोजली नाही. "खेळणार कोण? तुम्ही तं ऑफिसात राहता." बटणांची फळी तिच्या कोपरापेक्षा थोडी वर ठेवलीत आणि पोरगी वाढेल म्हणून पेटीखाली घालायला चार ठोकळे वेगळे कापून दिलेत. ते अजून कपाटावर आहेत. आम्ही मोठे लोक उंच स्टुलावर बसून खेळतो, आणि पाय आपसूक शिलाई मशीनच्या पायट्यावर जातो. बाबा खेळताना तो पायटा इतका जोरात हलवतात की आई आतून ओरडते, "अहो, शिवण चाललंय का?"

मला जुना टीव्हीच बसवायचा होता, काचेच्या ट्यूबचा. त्यावर हे गेम जसे मुळात दिसायचे तसेच दिसतात, ही हौस. तुम्ही कबाड्याकडचा 21 इंची टीव्ही एकदा उचलून पाहिलात आणि "स्टँड धरेल, तुमची कंबर धरणार नाही" म्हणून खाली ठेवलात. नंतर मला टीव्हीवाल्या एका मित्राने सांगितलं की त्या ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, ती उघडणं नवख्याचं काम नाही. त्यामुळे 19 इंची जुना चौकोनी एलसीडी घेतला, 1200 रुपयांना. ऑफिसं असे मॉनिटर काढून टाकत असतात, कारण आता सगळ्यांना रुंद स्क्रीन हवा. आपल्या कामाला मात्र हाच बरा. पॅकमॅन (1980), डाँकी काँग (1981) हे गेम उभ्या स्क्रीनचे. 18.5 इंची रुंद मॉनिटरवर त्यांना उंचीला 23 सेंटिमीटर जागा मिळते, या चौकोनी मॉनिटरवर 30. स्ट्रीट फायटरसारखे आडवे गेमही त्यावर वर-खाली थोडी काळी पट्टी सोडून नीट बसतात.

तुम्ही लगेच प्लाय कापला नाहीत, हे मला तेव्हा थोडं जिवावर आलं होतं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणायला लावलात, त्याच्या दोन बाजू कापल्या, मध्ये मॉनिटर टेकवला आणि विचारलं, "ट्यूबलाइट कुठं आहे?" मी स्क्रीन भरपूर मागे कलता ठेवला होता. तसाच राहिला असता तर वरची ट्यूबलाइट सरळ स्क्रीनपुढच्या ॲक्रेलिकवर दिसली असती आणि मुस्तफा दिसला नसता. पुठ्ठ्यावर बघत बघत कल कमी केलात. बटणांची जागाही पुठ्ठ्यावरच ठरली. एका खेळाडूला सहा-सहा बटणं कशाला, हे तुम्ही विचारलंतच. स्ट्रीट फायटर 2 ला (1991) तीन ठोसे आणि तीन लाथा लागतात, असं सांगितल्यावर तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मंग सहाच ठेवा. पण सरळ ओळीत नका लावू, बोटं सरळ ओळीत नसतात." मुलीचा पंजा पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवलीत आणि बोटांच्या टोकांवर टिंबं दिलीत. बाजारातल्या महागड्या फळ्यांवर बटणं अशीच वक्र लावलेली असतात, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी, हवं होतं, स्वस्त आणि गुळगुळीत म्हणून. तुम्ही साफ नाही म्हणालात. "उन्हाळ्यात कूलर लावता ना? फुगते ते." नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, कूलर दिवसरात्र चालतो आणि त्या ओल्या हवेत एमडीएफच्या कडा पावासारख्या फुगतात. मग 12 मिलिमीटरचा प्लाय, अर्धी शीट, आणि फळीसाठी 6 मिलिमीटरचा तुकडा, सगळं मिळून 900 रुपये. वरचा सनमायका तुमच्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतला. मागच्या बाजूला दार करायचं राहिलं होतं, तिथं तुम्ही भंगारातल्या कूलरची जाळी कापून लावलीत. आतली गरम हवा वरून निघून जाते, खालून गार येते.

फळी 6 मिलिमीटरचीच का, हे विचारणाऱ्यांसाठी लिहितो. जॉयस्टिक फळीच्या खालून बसते. जाड प्लाय घेतला तर दांडा वर कमी उरतो, मुठीत नीट येत नाही. म्हणून वर पातळ प्लाय आणि सनमायका, खाली कडेकडेने पट्ट्यांची चौकट. हाताचा जोर चौकटीवर जातो, दांडा पूर्ण मिळतो. पुढच्या कडेला तुम्ही पियानो बिजागरी, म्हणजे लांब पट्टीची बिजागरी, लावायला लावलीत, म्हणजे फळी झाकणासारखी उघडून आतल्या वायरी दिसतात. तेवढ्या एका गोष्टीला तुम्ही "कायले पायजे" म्हणाला नाहीत. "बिघडल्यावर उघडता आलं पायजे, नाहीतर फोडता तुम्ही लोक."

आणि ती भोकं! बटणांना 30 मिलिमीटरचं भोक लागतं. तुमच्याकडे कपाटाच्या बिजागरीसाठीचं 35 चं कटर होतं, प्रत्येक मिस्त्रीकडे असतं. पण बटणाची कड जेमतेम 33 ची, ते सरळ आत पडलं असतं. मी म्हटलं 30 चं कटर विकत आणतो. "एका कामासाठी?" म्हणून तुम्ही डब्यातून 32 चं जुनं चपटं पातं काढलंत आणि ग्राइंडरवर धरलंत. एक बाजू थोडी घासायची, मग दुसरी तेवढीच, नाहीतर पातं डगमगत फिरतं. रद्दी तुकड्यावर भोक पाडायचं, बटण घालून बघायचं, पुन्हा घासायचं. शेवटी बटण अंगठ्याने दाबलं की बसायचं आणि उलटं केलं तरी पडायचं नाही. त्यानंतर खऱ्या फळीवर कागदी टेप लावून, खाली रद्दी लाकूड ठेवून, सनमायक्याच्या बाजूने सुरुवात केलीत. पात्याचं टोक खाली डोकावलं की थांबायचं आणि फळी उलटून उरलेलं भोक त्या बाजूने पाडायचं. दोन खेळाडूंची मिळून 12 भोकं आणि सुरू करण्याची 2, एकाचीही कड उडाली नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ काढायचं विसरून बघत राहिलो होतो.

पुढचं काम माझं होतं, ते लवकर सांगतो. दोन खेळाडूंचा किट 2600 रुपयांचा: जॉयस्टिक, बटणं आणि यूएसबीचे दोन छोटे बोर्ड. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असले तरी वायरी दोनच पायांना जातात, एक कॉमन आणि एक नॉर्मली ओपन, म्हणजे बटण दाबलं की कॉमनला जोडला जाणारा. कॉम्प्युटर 1500 चा, एका ऑफिसने काढून टाकलेला. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गेमना तेवढा पुरतो. पॉवर सप्लाय लाकडाच्या पेटीत मोकळा ठेवू नका, हे तुम्हीच बजावलं होतं, म्हणून कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा तसाच आत ठेवला आणि तीन पिनचा प्लग अर्थिंगसकट लावला. ॲक्रेलिक 250 रुपयांचं, वायर-स्क्रू 300 चे.

जॉयस्टिक उलटी करून मी तुम्हाला खालची प्लेट दाखवली होती, आठवतं? ती फिरवली की दांडा आठ दिशांऐवजी चारच दिशांना जातो. पॅकमॅनला चारच लागतात, नाहीतर वळणावर तो भलतीकडे जातो. तुम्ही ती प्लेट दोनतीनदा फिरवून पाहिली आणि खूश झालात. बाकी स्क्रीनमध्ये तुम्हाला काही रस नव्हता. एकच विचारलंत, "हे गेम चोरीचे तर नाहीत ना?"

प्रश्न रास्त होता. जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारं मेम हे सॉफ्टवेअर निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 1997 साली सुरू केलं. ते फुकट आहे, पण त्यावर चालणाऱ्या गेमना मालक आहेत. 'रॉबी रोटो' (1981) सारखे थोडे गेम हक्क असणाऱ्यांनी बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोकळे केले आहेत, ते घेतले. बाकीचे कंपन्यांचे जुन्या गेमचे संच सेलमध्ये लागतात तेव्हा एकेक करून घेतोय. त्यामुळे यादी छोटी आहे. मुलीला फरक पडत नाही, तिला रॉबी रोटोच आवडतो.

मजुरी तुम्ही 1600 घेतलीत. पोळ्याच्या तोंडावर, बैलांची मागणी असताना, मधल्या वेळात हे काम केलंत. काही जण मला म्हणाले, एवढे मन लावून केलं तर त्यांनी पैसे घ्यायला नको होते. मला ते पटत नाही. तुम्ही फुकट केलं असतं तर मी पुठ्ठ्यावर दुसऱ्यांदा कल बदलायला सांगू शकलो नसतो, आणि तुम्हीही मला "हे कायले पायजे" म्हणून इतकं मोकळेपणाने टोकलं नसतं. तुकड्यांचे पैसे मात्र तुम्ही घेतले नाहीत, हिशेबात तेवढं राहिलंय.

एक काम अजून आहे. ते उंच स्टूल शेजाऱ्यांचं आहे, आणि ते आता रोज गोड बोलून चौकशी करून राहिले आहेत. आपलं एक करून द्या. मापं या वेळी मी घेऊन ठेवली आहेत: उंची 60 सेंटिमीटर, बैठक 30 बाय 30. सनमायका काळाच, उरला असेल तर. दर तुमचा नेहमीचा. आई म्हणते, येताना एखादा बैलही आणा, रंग न दिलेला. रंगवायचं काम पोरीने आधीच मागून घेतलंय.

तुमचा,
महालातला गेमवाला भाऊ