मेडिकलवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव इथे घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि दुकानाचं नाव घातलं तर लोक जाहिरात समजतील. पण दुकानात आभार मानायला आले की गर्दी असते आणि माझा आवाज भरून येतो, म्हणून लिहितेय. आपल्या मिरजेतल्या माझ्यासारख्या आणखी कुणाच्या वाचनात आलं तर बरंच.

सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून माझी रात्र मोडली. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याचं दुःख नाही, आईसारख्याच होत्या त्या मला. त्या गेल्या. सगळे म्हणाले, आता तरी निवांत झोप. पण दिवा मालवला की माझे डोळे टक्क उघडे. जंक्शनवरच्या गाड्यांचे भोंगे, मग पहाटेची अजान, मग दूधवाला, आणि उजाडलंच. दिवसा शिलाई मशीनवर बसले की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. सुईच्या नाक्यात दोरा जायचा नाही. गिऱ्हाइकाचं कापड कातरताना हात थरथरायचा, आणि लग्नसराईतलं भरजरी कापड एकदा चुकीचं कातरलं गेलं तर ते कुठून भरून द्यायचं ही धास्ती वेगळीच.

शेजारणींनी जायफळ उगाळून दिलं, खसखशीची खीर आणून दिली. एकीने तर स्वतः बसून काशाच्या वाटीने माझे तळपाय घासले. त्यांच्या मायेला मी कधी विसरणार नाही. राग आहे तो ज्यांचं हे कामच होतं त्यांच्यावर. आपलं गाव दवाखान्यांचं. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून माणसं इथे उपचाराला येतात. आणि इथेच राहून मला माझं ऐकून घेणारा डॉक्टर भेटत नव्हता. एकाकडे खुर्चीत नीट टेकायच्या आत चिठ्ठी तयार. दुसरे म्हणाले, "या वयात असं व्हायचंच, टेन्शन घेऊ नका," आणि गोळीची पॉवर वाढवून दिली. ही गोळी कधी थांबवायची, कशी थांबवायची, कुणी एक अक्षर बोललं नाही. आणि ज्या दुकानातून मी ती घ्यायचे तिथे चिठ्ठी बघायचीसुद्धा पद्धत नव्हती. "झोपेच्याच ना?" असं भर दुकानात मोठ्याने विचारायचे आणि पाकीट पुढे सरकवायचे. मागे उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे वळून बघायच्या. त्यातल्या निम्म्या माझ्याकडेच ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या.

त्या दुकानात गोळ्या संपल्या म्हणून मी तुमच्याकडे आले. संध्याकाळची वेळ, काउंटरला चिकटून माणसं. मी घडी घालून घालून फाटायला आलेली चिठ्ठी पुढे केली. तुम्ही तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तिथूनच सांगता आलं असतं तुम्हाला, की बाई, ही जुनी झाली, नवीन आणा. नियमाने तेवढंच पुरेसं होतं. पण तुम्ही मुलाला काउंटर बघायला सांगितलंत, फळी उचलून बाहेर आलात, पायरी उतरून त्या लावलेल्या स्कूटरशेजारी मला नेलंत, आणि मला तेवढं ऐकू येईल अशा आवाजात विचारलंत, "काकू, रात्री नेमकं काय होतं तुम्हाला?"

दादा, हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. किती तास झोपता हे विचारलं होतं, बीपी आहे का, शुगर आहे का हे विचारलं होतं. रात्री काय होतं, हे नाही. मी सासूबाईंपासून सुरुवात केली आणि बोलतच राहिले. खिशातला फोन वाजला तो तुम्ही न बघताच बंद केलात. मुलाने आतून हाक मारली, त्याला हातानेच थांब म्हणालात. घाई केली नाहीत, की मधेच तोडून उपदेश केला नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसायला मी तोंड फिरवलं, तेव्हा तुम्हीही रस्त्याकडे बघत उभे राहिलात. तेवढं कळायला माणूस आतून चांगला असावा लागतो.

मग म्हणालात, "आज मी ही गोळी देणार नाही. पण मनाने एकदम बंदही करायची नाही, त्याने त्रास होतो. डॉक्टरच हळूहळू उतरवतील." या गोळ्यांसाठी २०१४ पासून दुकानात वेगळी वही ठेवावी लागते, कुणाला, कुणाच्या चिठ्ठीवर, किती दिल्या ते लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते, हेही मला त्या दिवशी कळलं. आधीच्या दुकानात तसली वही कधी माझ्या दृष्टीस पडली नाही.

तुम्ही मनोविकारतज्ज्ञ मॅडमचं नाव घेतलंत तेव्हा माझा चेहरा पडला. त्या पाटीखालून आत जाताना कुणी पाहिलं तर गल्लीत काय बोलतील? तेही तुम्ही ओळखलंत. "माझ्या आईला मीच नेतो तिथे," एवढंच म्हणालात, आणि तिथूनच फोन लावून त्याच दिवशीची वेळ घेतलीत. अनोळखी बाईला स्वतःच्या आईचं असं सांगणं सोपं नसतं. माझी भीती त्या एका वाक्याने गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून तीन रात्री तरी झोप लागत नाही, आणि असं तीन महिने चाललं की तो जुनाट निद्रानाश, असं मॅडमनी समजावलं. झोप उडवणारं कारण निघून जातं, पण जागं पडून राहायची सवय मागे उरते, आणि अंथरूण दिसलं की शरीर झोपायच्या ऐवजी जागं होतं. झोप येईना तर उठून बाहेर बसायचं, ही पद्धत म्हणे १९७२ सालीच बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडली. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने तर २०१६ साली लिहून ठेवलंय, जुनाट निद्रानाशाला आधी हे सवयी बदलण्याचे उपचार, गोळ्यांचा विचार त्यानंतर. मग मला आधी गोळ्या आणि नंतर जास्त गोळ्या का मिळाल्या, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

सुरुवातीला रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढंच अंथरूण. दुपारी पाठ टेकायची नाही, चारनंतर चहा नाही, भिंतीवरचं घड्याळ उतरवून ठेवलं. पहिले आठवडे फार कठीण गेले, हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणी मधेच सोडणार नाही. रात्री उठले की मंद दिव्यात पाटावर बसून जुन्या ब्लाऊजची शिवण उसवायची, इतकं कंटाळवाणं काम की पापण्या आपोआप जड व्हायच्या. अजूनही एखादी रात्र वाईट जाते. पण बहुतेक रात्री झोप लागते, आणि गोळी मॅडमनी कमी करत करत पावावर आणलीय.

एक पाकीट विकलं नाही म्हणून तुमचं फार नुकसान झालं नसेल. पण असं नाही म्हणत गेलं की गिऱ्हाईक तुटतं, हे मी स्वतः धंदा करते म्हणून मला कळतं. तरी तुम्ही नाही म्हणालात, आणि नाही म्हणून मला वाऱ्यावर सोडलं नाहीत. म्हातारीने दार उघडेपर्यंत थांबणारा रिक्षावाला, पेन्शनवाल्या आजोबांची स्लिप स्वतः भरून देणारी बँकेतली मुलगी, अशी माणसं आहेत म्हणून गाव चालतं. पगारात ते काम लिहिलेलं नसतं. ज्यांच्या जवळपास असं कुणी नाही त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन करावा. फुकट आहे आणि रात्रीसुद्धा कुणीतरी बोलतं. माझ्या त्या रात्रींत हा नंबर मला माहीत असता तर फार बरं झालं असतं.

आता एक काम. दिवाळीच्या आधी आईंना घेऊन घरी या. मापाचं ब्लाऊज आणलं तरी चालेल, पण त्यांनाच आणा, मला भेटायचंय त्यांना. अस्तराचं कापड माझ्याकडे आहे. शिलाई घेणार नाही, त्यावर वाद घालू नका.

तुमची,
शिलाईवाली काकू