तुमच्या खोलीची खिडकी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तुमचं येणं नक्की झाल्यापासून मी तुमच्या खोलीच्या खिडकीमागे लागले आहे. आई, मागच्या हिवाळ्यात तू त्या खिडकीशी खुर्ची ओढून वाचायला बसायचीस आणि अर्ध्या तासात शाल आवळत उठून यायचीस. तू एका शब्दाने बोलली नाहीस, पण मला दिसत होतं. तुम्ही गेल्यावर एका वाऱ्याच्या संध्याकाळी मी तिथे मेणबत्ती धरून पाहिली. खिडकी घट्ट बंद होती, तरी ज्योत आडवी होत होती. त्या खोलीत तुम्हाला पुन्हा तसंच झोपवायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

खिडकी अख्खी बदलून टाक, असं बरेच जण म्हणाले. मला ते पटलं नाही. चौकटीचं लाकूड अजून ठणठणीत आहे. काचेभोवतीची लांबी (पुट्टी) तेवढी वाळून सुटली होती, ती मी खरवडून नवी भरली. म्हणून मग स्टॉर्म विंडो बसवायचं ठरवलं. बाबा, ही म्हणजे आहे त्या खिडकीवर बाहेरून किंवा आतून बसवायची दुसरी हलकी खिडकी. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडून राहते आणि एकावर एक दोन पांघरुणं घेतल्यासारखं काम होतं. एकेरी काचेतून जितकी ऊब बाहेर जाते, तिच्या साधारण निम्मीच मग जाते. फटींतून येणारा वारा अडतो तो वेगळा, आणि जुन्या घरात मला तर त्याचाच फायदा जास्त वाटतो.

तयार मापात ती मिळते, पण जुन्या घराच्या दोन खिडक्या कधी सारख्या नसतात. त्यामुळे मापाप्रमाणे करून घ्यायची, आणि एकदा करून घेतली की परत देता येत नाही. म्हणून मी आधी मागच्या अडगळीच्या खोलीसाठी एकच मागवून पाहिली. बरं झालं, कारण तिथेच चुकले. भोकाच्या, म्हणजे चौकटीतल्या मोकळ्या जागेच्या, रुंदीतून खिडकी सहज आत जावी म्हणून एक सूत (इंचाचा आठवा भाग) वजा करतात, तसं करून मी माप पाठवलं. कारखान्याला भोकाचंच माप हवं होतं, ते स्वतः एक सूत वजा करतात. दोनदा वजा झालं. खिडकी आली ती दोन्ही बाजूंना एक-एक सूत फट ठेवून. फटीत फोमची दोरी दाबून वर सिलिकॉन भरलं, आता वारा येत नाही, पण डोळ्यांना ते खटकतंच. यापुढे ऑर्डर देताना ‘हे भोकाचं माप आहे, तुम्ही काय वजा करणार?’ हे आधी लेखी विचारायचं, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

बाबा, माप घेताना तुम्ही सतत आठवत होतात. ‘कापडी टेप शिवणकामाला, लाकडाला पोलादी’ हे तुमचंच. टेपच्या टोकाचा आकडा हलतो म्हणून लहानपणी मी तो ठोकून पक्का करायला निघाले होते, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. आकडा त्याच्या स्वतःच्या जाडीएवढा हलायलाच हवा: बाहेरून अडकवला तर ओढला जातो, आत टेकवला तर दाबला जातो, म्हणून दोन्हीकडून माप खरं येतं. मात्र भोकाच्या आत माप घेताना टेप दुसऱ्या कोपऱ्यात वाकते आणि तिथे आपण सूतभर अंदाजच करतो. त्यावर मी दोन सपाट काठ्या घेतल्या, एकीवर एक ठेवून दोन्ही टोकं चौकटीला टेकेपर्यंत सरकवल्या, चिमट्याने आवळल्या, आणि बाहेर काढून निवांत मोजल्या. दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा तेच उत्तर आलं.

रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्यायची, उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि दोन्हींत सगळ्यात कमी भरेल ती धरायची. हे सोपं आहे. मी अडखळले ते उंचीला. खिडकीखालची फळी पाणी वाहून जावं म्हणून बाहेर उतरती असते. त्यामुळे उंची आतल्या कडेला घ्याल तर एक भरते आणि दोन इंच बाहेर सरकून घ्याल तर जास्त. नवी खिडकी ज्या रेषेत बसणार, अगदी त्याच रेषेत टेप धरायची. मी त्या रेषेवर पेन्सिलने खूण केली तेव्हा कुठे आकडे जुळायला लागले. खिडकीचा मधला आडवा पट्टा कुठे येतो तेही मोजून कळवलंय, नाहीतर बाहेरचा पट्टा वर-खाली होतो आणि आई, तुझ्या वाचायच्या जागेवरून नेमकी नजरेसमोर एक जास्तीची रेघ येते.

बाहेरची घ्यायची की आतली, यावर मी बरेच दिवस घालवले. आतली स्वस्त पडते, हलकी असते, चुंबकाने किंवा रबरी पट्टीने चौकटीत दाबून बसते. ज्या खिडक्यांची दारं बाहेर उघडतात तिथे तीच घ्यावी लागते, म्हणून स्वयंपाकघरात मी तीच घेतली. पण झोपायच्या खोलीचं वेगळं आहे. रात्री काही पेटलं, धूर झाला, तर खिडकी हाच दुसरा रस्ता. आई, तुझी बोटं सकाळी आखडलेली असतात. ती अख्खी चौकट ओढून काढणं तुला जमेल असं मला वाटत नाही, आणि त्यावर मी पैज लावणार नाही. म्हणून तुमच्या खोलीला बाहेरची, तीन खाचांची. दोन खाचांत दोन काचा, तिसरीत जाळी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या अंगठ्यांनी दाबल्या की काच वर सरकते. नमुन्याच्या खिट्ट्या मी मुद्दाम जाड हातमोजे घालून दाबून पाहिल्या, दबतात.

काच लो-ई सांगितली आहे. तिच्यावर धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा दिसणारही नाही इतका पातळ थर असतो, तो खोलीतली ऊब परत आत फेकतो. यातही दोन प्रकार निघतात. एक थर नाजूक असतो, तो बंद दुहेरी काचेच्या आतच टिकतो. स्टॉर्म विंडोला कठीण थर लागतो, आणि तो घराच्या बाजूला यावा लागतो. काचेसमोर काडी पेटवून धरली की ज्योतीची दोन प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक जरा वेगळ्या रंगाचं असतं, त्या बाजूला थर. खिडकी आली की बसवण्याआधी मी हे करूनच पाहणार.

अडगळीच्या खोलीने आणखी एक शिकवलं. पहिल्याच थंडीत बाहेरच्या काचेला आतून बाष्प धरलं. मला वाटलं नवी खिडकीच खराब. तसं नव्हतं. घरातली दमट हवा जुन्या खिडकीच्या फटींतून मधल्या जागेत जात होती आणि तिच्यातलं बाष्प गार काचेवर जमत होतं. आतल्या जुन्या खिडकीला रबरी पट्ट्या लावल्यावर आठवडाभरात काच स्वच्छ झाली. आतली घट्ट हवी, बाहेरचीने थोडा श्वास घ्यायला हवा. म्हणूनच सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंनाच भरायचं, खाली नाही. खालच्या पट्टीला दोन बारीक भोकं असतात, ती उघडी ठेवायची. पावसाचं आत शिरलेलं पाणी तिथूनच निघतं. ती बुजवली तर फळी कुजते.

आता तुमच्या खिडकीचे आकडे लिहिते. बाबा, चष्मा लावून नीट बघा.

रुंदी वर 28 इंच 2 सूत, मध्ये 28, खाली 28 इंच 1 सूत. उंची डावीकडे आणि मध्ये 54 इंच 3 सूत, उजवीकडे 54 इंच 2 सूत. कर्ण एक 61 इंच, दुसरा 61 इंच 2 सूत.

म्हणजे चौकट गुण्यात (काटकोनात) नाही. कागदावर काढून पाहिलं, तर डोक्याकडे ती पाव इंचाने एका बाजूला कलली आहे. 28 इंचांतून नेहमीचं एक सूत वजा केलं तर काटकोनातली खिडकी आत शिरायचीच नाही, कोपऱ्यात अडेल. एक तर रुंदी 27 इंच 5 सूत सांगायची आणि बाजूंच्या पाचरीसारख्या फटी भरायच्या, किंवा भोकात न बसवता चौकटीभोवतीच्या बाहेरच्या पट्टीवर चढवून बसवायची, मग कलण्याने काही बिघडत नाही. मला दुसरं पटतं. पण त्या पट्टीला कडेने गोलाई आहे, आणि चौकट टेकायला सपाट जागा जेमतेम 6 सूत मिळते. तेवढी पुरेल का? की गोलाई रंध्याने उतरवू? जुनं लाकूड आहे, एकदा उतरवलं की पुन्हा चढत नाही.

कारखान्याने सहा आठवडे सांगितलेत. तुम्ही यायच्या आत खिडकी लागायला हवी असेल तर रविवारी ऑर्डर गेली पाहिजे. पट्टीचे फोटो वेगळे पाठवतेय, गुण्या लावूनच काढलेत. बाबा, शनिवारी संध्याकाळी फोन करा, आणि आई, तूही जवळ बस. खुर्ची खिडकीच्या डावीकडे ठेवू की उजवीकडे, ते तुला विचारायचंय.

तुमची लेक