तुम्ही पेन्सिलीनं गोल केलेला शब्द

प्रिय काका,

त्या संध्याकाळी वाचनालयात टाळ्या मला मिळाल्या आणि तुमचा उल्लेख करायचा राहूनच गेला. म्हणून हे आभार सगळ्यांदेखत. नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, तेही पाळतोय.

निकोलस पेटनवरचं माझं भाषण तुम्ही आदल्या रात्री वाचलंत आणि 'जॅझ' हा शब्द दिसेल तिथे गोल काढत गेलात. पहिल्याच पानावर सात. मला राग आला होता. ट्रम्पेटवादकाची ओळख करून द्यायची आणि तो काय वाजवतो तेच सांगायचं नाही?

तुम्ही वाद घातला नाहीत, सीडी लावलीत. १९९७ साली आलेली, जुने ट्रम्पेटवादक डॉक चीथम आणि पेटन यांची. चीथम तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा पेटन विशीतला. दोघांत अडुसष्ट वर्षांचं अंतर. त्यातली 'स्टारडस्ट' ही धून सुरू झाली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. नातवानं आजोबांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालावं, तसं ते वाजवणं. यासाठीच दोघांना ग्रॅमी मिळालं, आणि त्या पुरस्काराच्या नावातही 'जॅझ' होताच.

मग तुम्ही सांगितलंत. २०११ साली पेटननं लिहिलं, की जॅझ १९५९ सालीच मेलं. आमच्या संगीताला ब्लॅक अमेरिकन म्युझिक म्हणा. केवढं वादळ उठलं! कुणी म्हणालं, श्रोते याच नावावर येतात. कुणाला वाटलं, गोऱ्या वादकांना हा घराबाहेर काढतोय. पण हा नकार काही पेटनपासून सुरू झालेला नाही. संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनाही हा शब्द खुपत होता. १९१२-१३च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात बेसबॉलच्या बातम्यांत छापून येत होता. न्यू ऑर्लिन्समधल्या काळ्या वादकांनी त्याआधीच आपलं वाजवणं घडवलं होतं. आणि १९१७ साली या नावाखाली पहिली रेकॉर्ड निघाली ती गोऱ्या वादकांच्या बँडची.

तरी मी अडून बसलो होतो. तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "बाबासाहेबांनी 'हरिजन' शब्द का नाकारला?"

काका, तो प्रश्न अजून माझ्यासोबत आहे. दुसऱ्यानं दिलेलं नाव कितीही प्रेमानं दिलेलं असो, ते ज्याच्यावर चिकटतं त्याला विचारलेलं नसतं. हे आपल्या मातीत मला लहानपणापासून ठाऊक होतं. एका ट्रम्पेटवाल्याच्या बाबतीत ते लागू करायला मात्र तुमची पेन्सिल लागली.

१९५९चं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. माइल्स डेव्हिसचा गाजलेला अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' त्याच वर्षीचा, त्याला मरण कसं म्हणू? पण कार्यक्रमाच्या पाटीवरचं नाव मी बदललं. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, मग याला म्हणायचं काय? मी पेटननं दिलेलं नाव सांगितलं, ते का दिलं तेही सांगितलं, आणि 'स्टारडस्ट' लावलं. संपल्यावर ती म्हणाली, पुन्हा लावा.

सीडी रविवारी आणून देतो. भाषणाचे कागद मात्र परत मागू नका. गोलांसकट ते माझ्याकडेच राहू देत.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा