गुणांत बदल आहे

स्लाव (इंग्लंड), ऋषीपंचमी
23 ऑगस्ट 2020

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही. मी चार वाक्यं बोलते तोवर आईचा आवाज भरून येतो, मागून बाबा 'काय म्हणतेय, काय म्हणतेय' करतात आणि मग रेंज जाते. म्हणून टाईप करून पाठवतेय. खालच्या मजल्यावरचा मुलगा प्रिंट काढून देतो म्हणालाय, त्याला अक्षर मोठं ठेवायला सांगा. जेवणं झाली की सावकाश वाचा.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर, 'माझ्या नातीची सीट आहे की गेली?' हो, चिऊला मेडिकलची सीट आहे. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी, 2021 ला. त्यामुळे फेब्रुवारीत तू कॉलनीत वाटलेले पेढे खोटे ठरलेले नाहीत. कुणी विचारलंच तर 'वर्षभर पुढे गेलंय' एवढंच सांग. आणि कुणी नाही विचारलं तर आपणहून सांगायला जाऊ नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

पेढ्यांच्या वेळीच मी म्हटलं होतं, ही अटीवरची सीट आहे. पण ते वाक्य तुझ्या कानापर्यंत पोचलं नसावं. इथे सगळी उलटी गंगा. आधी अर्ज, मग मुलाखती, मग कॉलेज सांगतं की तुला घेतलं, पण ऑगस्टात तीन विषयांत ए-ए-ए आणून दाखव. म्हणजे सीट आधी, परीक्षा नंतर. अर्जात पाच पर्याय भरता येतात, त्यात मेडिकलचे चारच. पाचवा दुसऱ्या कशाचा तरी भरायचा. चिऊने पाचवा बायोमेडिकल सायन्सचा भरला होता. म्हणजे मी जे केलं तेच. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मार्चमध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द झाल्या. मग शिक्षकांना सांगितलं की प्रत्येक मुलाला परीक्षेत काय मिळालं असतं ते तुम्ही लिहून द्या, आणि प्रत्येक विषयात मुलं पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत ओळीने लावून द्या. इथवर ठीक होतं. आपल्याकडेही दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले, तसंच काहीतरी असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा, यापुढचं खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत की कमी केले ते कुठल्या हिशोबाने. शिक्षक हात सैल सोडून गुण देतात ही शंका होतीच, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. म्हणून सगळं एका संगणकी सूत्रातून काढलं. त्या सूत्राने मुख्यतः बघितलं ते शाळेचे मागच्या तीन वर्षांतले निकाल. समजा, तुमच्या हायस्कुलात गणिताच्या वर्गात तीस मुलं. मागच्या तीन वर्षांत तिसातल्या तिघांनाच ए मिळाला. तर यंदाही साधारण तिघांनाच. चौथ्या नंबरावरचं पोर कितीही हुशार असो, ते बी. मुलांच्या आधीच्या परीक्षांवरून थोडं इकडेतिकडे केलं, पण गाभा हाच. आणि गंमत पुढे आहे. वर्गात पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील तर सूत्र लागूच करायचं नाही, शिक्षकाने दिलेली श्रेणी तशीच ठेवायची, कारण इतक्या थोड्या मुलांवर हिशोब बसत नाही. आता असे छोटे वर्ग कुठे असतात? भरपूर फी घेणाऱ्या खासगी शाळांत. चिऊची शाळा सरकारी, बायोलॉजीचा वर्ग भरलेला.

तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत. मुलाने न लिहिलेल्या पेपरचे गुण त्याच्या आधी शिकून गेलेल्या पोरांवरून द्यायचे, हे तुम्हाला कसं वाटेल याचा मी खूप विचार केला.

13 तारखेला गुरुवारी सकाळी आठला निकाल. तुमचे साडेबारा. तुम्ही घड्याळ लावून बसला होतात हे दादाने मला नंतर सांगितलं. चिऊ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. पानावर गुण आधी दिसत नाहीत, कॉलेजचं उत्तर दिसतं. तिने वाचलं, लॅपटॉप मिटला आणि उठून सिंककडे गेली. रात्रीचा वरणाचा कुकर तिथे भिजत पडला होता. तो घासायला घेतला. तळाला लागलेलं वरण तारेच्या घासणीने खरवडत राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. मी विचारलं, काय झालं? तर पाठमोरीच म्हणाली, "पाचवा लागला. मी तुझ्यासारखी होणार."

नंतर गुण बघितले. गणितात ए. केमिस्ट्रीत बी, बायोलॉजीत बी. शिक्षकांनी तिन्ही विषयांत ए दिले होते हे शाळेने दुपारी सांगितलं.

आणि मग मी ते बोलले. बाबा, मुख्य म्हणजे हे सांगायलाच मी हे पत्र लिहितेय, बाकी सगळं बातम्यांत होतंच. मी म्हटलं, "जानेवारीच्या सराव परीक्षेत जरा जोर लावला असतास तर वर्गात वरचा नंबर लागला असता."

कुकर घासणं थांबलं. ती काहीच बोलली नाही, ओला हात पुसत वर गेली.

तुम्हाला आठवतंय का माहीत नाही, पण 1992 साली जुलैमध्ये आपल्याकडे एक पोस्टकार्ड आलं होतं. माझ्या बारावीच्या गुणपडताळणीचं. तेव्हा उत्तरपत्रिकेची झेरॉक्स वगैरे मिळत नसे, नुसती बेरीज बघायचे. अर्ज भरायला तुम्ही शाळेतून अर्धी रजा काढून एसटीने गेला होतात, येताना पावसात भिजलात. मेडिकलची यादी माझ्या तीन गुण वर संपली होती. कार्डावर एकच ओळ टाईप केलेली होती, 'गुणांत बदल नाही'. तुम्ही ते वाचलंत, कालनिर्णयच्या मागे खोचलंत आणि म्हणालात, "अजून तीन गुण पाडले असतेस तर."

तेवढंच. पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन बीएस्सीच्या रांगेत उभे राहिलात, फी भरलीत, येताना उसाचा रस पाजलात. पण ते वाक्य मी अठ्ठावीस वर्षं जवळ ठेवलंय. तुमच्याशी भांडायच्या वेळी काढायला म्हणून नव्हे, पण फेकूनही दिलं नाही. आता तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, नुसती जानेवारीची भर घालून. त्या क्षणी मला चिऊवर राग नव्हताच. हातात करण्यासारखं काही नव्हतं म्हणून तोंड चाललं. तुमचंही तसंच झालं असेल का? एसटीने जाऊन, भिजून येऊनसुद्धा काही हललं नाही, म्हणून?

संध्याकाळी मी तिच्या खोलीत जाऊन माफी मागितली. "इट्स ओके" म्हणाली. ते कसलं ओके असतं ते आईला विचारा, मी अकरावीत असताना दिवसाला दहा वेळा म्हणायचे.

पुढचं तुम्ही टीव्हीवर थोडंफार बघितलंच. शिक्षकांनी दिलेल्या शंभरातल्या जवळजवळ चाळीस श्रेणी खाली आल्या होत्या. स्कॉटलंडमध्ये आठवडाभर आधी हेच होऊन गेलं होतं, तिथे सव्वा लाखाच्या आसपास निकाल खाली आणले आणि 11 तारखेला सरकारने सगळे मागे घेतले. इथलं सरकार मात्र ठाम होतं. पोरं लंडनमध्ये पार्लमेंटसमोर जमली, निकालाचे कागद जाळले. चिऊ गेली नाही. म्हणाली, कोविड आहे, आणि तू लॅबमध्ये त्याचेच नमुने तपासतेस. शनिवारी अपिलाचे नियम आले आणि त्याच रात्री मागे घेतले. रविवारी आम्ही भाजणीची थालीपीठं केली आणि बातम्या बंद ठेवल्या. सोमवारी, 17 तारखेला, दुपारी चारच्या सुमारास घोषणा झाली की सूत्र रद्द, शिक्षकांनी दिलेली श्रेणी धरायची. शिक्षणमंत्र्यांनी माफी मागितली.

त्याच सोमवारी आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने नीट आणि जेईई पुढे ढकलायची याचिका फेटाळली, म्हणजे दादाच्या मुलाला 13 सप्टेंबरला मास्क लावून पेपर द्यायचाय. रात्री दोघा भावंडांचा व्हिडिओ कॉल झाला. तो म्हणत होता तू सुटलीस, आणि ही म्हणत होती, तुला निदान पेपर तरी मिळतोय.

तर गुणांत बदल झाला. ए-ए-ए. मी लॅबमधून फोनवर ओरडले, शेजारच्या बाकावरची बाई दचकली. पण सीट तोवर गेली होती. गुरुवार ते सोमवार या चार दिवसांत कॉलेजांनी जागा भरल्या होत्या. मेडिकलच्या जागांवर सरकारची मर्यादा असते, ती या गुरुवारी उठवली. पण मर्यादा उठवली म्हणून शवविच्छेदनाची टेबलं वाढत नाहीत, की मुलांना शिकवायला वॉर्ड वाढत नाहीत. शुक्रवारी मेल आला की तुझे गुण पुरेसे आहेत, यंदा जागा नाही, 2021 ची पक्की समज.

यावर आईचं 'वर्ष फुकट गेलं' हे मी फोनवर तीनदा ऐकलंय. आई, इथे पोरं आपणहून एक वर्ष थांबतात, फिरायला जातात, नोकरी करतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटतं, रात्री दोनला जाग आली की वाटतंच. पण दिवसा नाही. चिऊने जवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीसाच्या कामासाठी अर्ज केलाय. आजारपणाचे दिवस आहेत, मला धास्ती आहे, पण नको म्हणायला तोंड नाही. मी स्वतः रोज जातेच की.

आता बाबा, तुमचं. बुधवारी तुम्ही चिऊला परस्पर फोन केलात. पाऊण तास! मी कामावर होते. घरी आले तर ही चक्क गाणं लावून गणपतीच्या मखराला पुठ्ठे कापत बसली होती. सहा दिवसांनी हसलेली बघितली. विचारलं तर म्हणाली, "आजोबा इंटर सायन्सला नापास झाले होते. तुला माहीतच नाही?"

मला माहीत नव्हतं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, बाबा. म्हणाली, तुम्ही निकालाचा पेपर तीनदा वाचलात, नंबर नव्हता, घरी जायची हिंमत होईना म्हणून संध्याकाळपर्यंत कृष्णेच्या घाटावर बसून राहिलात, आणि तुमचे वडील, माझे आजोबा, कंदील घेऊन शोधायला आले. तिने सांगताना कंदील हा शब्द दोनदा म्हटला, तिला तो फार आवडलाय. पुढे काय झालं ते तिने नीट विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. आजोबा काय बोलले घाटावर? की काहीच बोलले नाहीत? आई, तुला तरी हे ठाऊक होतं का?

तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत, असं विचारायला बसले होते. पण आता वाटतं, 1992 साली तुम्ही हायस्कुलातले गणिताचे सर होतात, आणि मी तुमची हुशार म्हणून नावाजलेली मुलगी. त्या घरात ती गोष्ट बसली नसती. चिऊला सांगणं सोपं गेलं असेल, सात हजार किलोमीटरवरून. तरी मला ती पूर्ण हवी आहे. फोनवर नको, मागून आई 'पुरे आता' म्हणेल. तुमच्या त्या हिरव्या शाईच्या पेनाने लिहा, फोटो काढून पाठवा.

काल गणपती बसले. मूर्ती वीतभर आहे, विसर्जन घरातच बादलीत. आज ऋषीची भाजी केली. अळू, दोडका, लाल भोपळा, मका मिळालं, अंबाडी नाही मिळाली, तिच्याऐवजी पालक आणि चिंच घातली. बैलाच्या कष्टाचं नको म्हणतात, इथल्या दुकानातल्या भाजीला बैल कुठला लागणार, तेव्हा तो प्रश्न मिटला. चिऊने दोनदा घेतली. मंगळवारी गौरी येतील, त्यांच्यासाठी आईने गेल्या वर्षी दिलेले मुखवटे काढून ठेवलेत. एकीच्या नाकातली नथ सैल झालीय, दोऱ्याने बांधू की चिकटवू, तेवढं कळव.

बाबांची बीपीची गोळी सकाळची आहे, रात्रीची नव्हे. डबीवर चिठ्ठी लाव.

तुमची,
बेबी

ता. क. चिऊ म्हणतेय, कंदील अजून माळ्यावर असेल तर टाकू नका.