आधी पाइपचे तोंड फिरवा

महोदय,

पावसाळा लागला की बंगल्यांच्या वसाहतींत एक भांडण हटकून जुंपते. शेजाऱ्याच्या गच्चीचे पाणी आमच्या बागेत का? आवाज चढतात, पण गणित कुणी मांडत नाही. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ६०० चौरस फुटांची गच्ची सुमारे ५६ चौरस मीटर भरते. तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला तर २,८०० लिटर, म्हणजे २०० लिटरची १४ पिंपे. ती सगळी कुंपणाजवळच्या हातभर जागेत ओतली जातात. आभाळातून पडणारा पाऊस मोगऱ्याला मानवतो, ही पिंपे मानवत नाहीत. पपई तर दोन दिवस साचल्या पाण्यात राहिली की मुळाशी कुजते. पाने पिवळी पडून गळू लागतात तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे शोषखड्डा. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण १,८०० लिटर पाणी मावते. पण तो दगडगोट्यांनी भरला की पोकळी उरते ७०० लिटरच्या आसपास, म्हणजे वरच्या हिशेबातली साडेतीन पिंपे. बाकीचे पाणी त्याच तासात जमिनीत मुरले पाहिजे. मुरमात ते बऱ्यापैकी मुरते. काळी माती मात्र भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. म्हणून आधी फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, आटू द्या, पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते मोजा. पहिल्या भरणीवर विश्वास ठेवू नका, कोरडी माती भरपूर पाणी पिते. दुसऱ्या वेळी तासाला सेंटीमीटरही उतरले नाही, तर शोषखड्ड्याचा खर्च वाया.

दुसरा उपाय त्याहून वाईट: भिंतीच्या तळाशी ठेवलेली पाणी जायची भोके सिमेंटने बुजवून टाकणे. पलीकडे मीटरभर पाणी तुंबले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्ध्या टनाचा रेटा येतो. साधी कुंपणभिंत तेवढ्यासाठी बांधलेली नसते.

खरा इलाज शेजाऱ्याच्या गच्चीचे पाणी खाली आणणाऱ्या पाइपपासून सुरू होतो. तासाला ७५ मिलिमीटर पाऊस धरला तर एक चार इंची उभा पाइप जेमतेम ५७ चौरस मीटर छताचे पाणी वाहतो आणि तीन इंची त्याच्या निम्म्याहून कमी. मागाहून टाकलेल्या पत्र्याच्या शेडचे पाणी त्याच पाइपात सोडले की पाइप तुंबतो, गच्चीवर पाणी चढते आणि कठड्यावरून थेट आपल्या वाफ्यात येते. शेडसाठी वेगळा पाइप हवा. वरच्या तोंडाला घुमटाची जाळी लावावी, सपाट जाळी चार पानांनी बंद होते. खाली एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड आणि साफसफाईसाठी डोअर टी (उघडता येणाऱ्या झाकणाचा जोड) बसवून पाणी शेजाऱ्याच्याच हद्दीतून रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात न्यावे. मैल्याच्या चेंबरला ते कदापि जोडू नये. जोरदार सरीत तेच पाणी न्हाणीघरातून उलटे वर येते.

तरीही उताराने येणारे पाणी उरतेच. त्यासाठी आपल्या बाजूला, भिंतीपासून दोन फूट सोडून, फूटभर रुंद आणि दीड फूट खोल चर घ्यावी. ढाळ दर मीटरला १ सेंटीमीटर ठेवावा. तो नजरेने धरू नये, गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने मोजावा. तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, त्यावर दोन इंच धुतलेली २० मिलिमीटर खडी, मग भोकांचा चार इंची पाइप, वर पुन्हा खडी. कापड वरून दुमडून घ्यावे आणि त्यावर तीन इंच माती टाकावी. पाइपची भोके खाली असावीत. ती वर ठेवली तर पाणी पाइपच्या माथ्याशी येईपर्यंत आत शिरतच नाही. खडी न धुता टाकली तर दगडाची भुकटी तळाशी थर धरते. कापडाऐवजी शेडनेट वापरले तर माती आत जाऊन चर बुजते. चरीच्या काठाला कर्दळ आणि अळू लावा. मोगरा, डाळिंब आठ-नऊ इंच उंच वाफ्यावर न्या.

कायद्याचे थोडे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२च्या कलम ७नुसार वरच्या जमिनीवरून नैसर्गिकरीत्या वाहणारे पाणी खालच्या मालकाने येऊ द्यायचे असते. पण गच्चीवर गोळा करून पाइपने नेमके आपल्या वाफ्यावर सोडलेले पाणी त्यात बसवणे कठीण. मात्र असे पाणी २० वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने येत राहिले, तर कलम १५खाली शेजारी कायमचा हक्क सांगू शकतो. म्हणून तूर्त येऊ द्यायचे असेल तर 'हे आमच्या परवानगीने, तात्पुरते' अशा दोन ओळी दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवाव्यात.

खर्चाची वाटणी माझ्या मते अशी न्याय्य: पाइप त्यांचा, चर आपली, दोन्हींचे पाणी गटाराला मिळते तिथला चेंबर निम्मा-निम्मा. आणि शेजाऱ्याशी बोलायला ऐन सरीत छत्री घेऊन जावे. तेव्हा पाणी कुठून येते हे सांगत बसावे लागत नाही.

– एक वाचक, नाशिक